बरणी क्रमांक एकेचाळीस

भरमाण्णा कुंभार, माझा बाप,
माती आधी जिभेला लावतो
मग तिच्याशी बोलतो.

म्हणून बरणीचं झाकण फिरवलं तेव्हा
मी त्याचं मनगट धरलं. ‘आप्पा, स्पिरिट आहे.’
हात मागे गेला,
जीभ तशीच ओठांवर राहिली.

आत करंगळीएवढं काहीतरी,
उकडलेल्या शेंगेच्या रंगाचं,
अंगभर कड्या,
आणि एका टोकाला तोंड, किंवा तोंडाची जागा.
‘काडू,’ आप्पा म्हणाला.
‘एरेहुळा,’ कुंपणापलीकडून गंगव्वा.
दोघंही चुकले. मी दुरुस्त केलं नाही,
कारण आमच्या जहाजावर त्याला ज्या नावानं हाक मारतात
ते बापासमोर
कुठल्याच भाषेत घेता येत नाही.

सांगितलं एवढंच:
दक्षिणेच्या टोकाला, बर्फाखाली पाणी,
गोठण्याच्याही खाली थंड, पण मिठामुळे न गोठलेलं,
त्याच्याखाली अंधार, अंधाराखाली गाळ,
गाळात हे.
सदऱ्याची बाही उलटी करावी
तसं तोंड आतून बाहेर फेकतं,
काटे रुतवतं,
आणि उरलेलं अंग तोंडामागून ओढून घेतं.
हात नाहीत. पाय नाहीत.
‘चाकही नाही,’ आप्पा म्हणाला.
‘चाकही नाही.’
‘मग भोक एवढं गोल कसं?’

माझ्या प्रबंधाची दोनशे अठरा पानं आहेत.
त्यात हे नव्हतं.

सात वर्षं मी गाळ चाळते.
तीन चाळण्या, एकीखाली एक,
बोटं इतकी बधिर की आपली आहेत का ते बघून घ्यावं लागतं.
आईनं जन्मभर मातीत घालायची राख चाळली,
तिला कुणी भत्ता दिला नाही.
जहाजावर चढताना फॉर्म भरायचा असतो.
गाव: खानापूर.
राज्याच्या रकान्यापाशी पेन जरासं थांबतं.
आमच्याकडे सगळ्यांचंच थांबतं.
मग लिहिते, मागे रांग असते.

आणि ही कबुली:
फिल्मच्या जुन्या डबीत
मी चिमूटभर वाळका गाळ आणला होता,
कुठल्याही नोंदवहीत नसलेला.
ती डबी मात्र मी त्याच्यापुढे सरकवली.
त्यानं डोळे मिटले.
कणकुंबीची माती वेगळी, हब्बनहट्टीची वेगळी,
मलप्रभेचं वळण न् वळण तो असंच ओळखतो.
‘मीठ,’ तो म्हणाला. ‘आणि खडा म्हणून नाही.
कुणीतरी लई वर्षं चावून ठेवल्यागत.’
‘चावणारे दुसरे, आप्पा. हे त्यांना खातं.’
‘मग बरोबर हाय.’

थुंकीनं भिजवून त्यानं मणी केला,
खराट्याच्या काडीनं आरपार भोक पाडलं,
ते भोक उजेडाला धरून बराच वेळ बघितलं,
आणि कौलांच्या रांगेत, भट्टीच्या पोटात ठेवून दिला.
मी म्हटलं, तडकेल.
‘तडकू दे की. तेवढंच कळंल.’

तिसऱ्या दिवशी भट्टी उघडली.
मणी नव्हता.
एका कौलावर चार आण्याएवढी चकाकी,
काळपट, ओली असल्यागत,
बोट लावलं तर कोरडी.
‘मीठ उडालं,’ आप्पा म्हणाला
आणि ते कौल इतरांत रचलं.
मी बाजूला काढ म्हणाले नाही. का, ते माहीत नाही.
दुपारी जांबोटीचा टेम्पो आला, अंगणवाडीच्या छपरासाठी,
बाराशे कौलं.
मी नजर ठेवून होते,
तीनशेच्या पुढे कुठंतरी
हमालानं तंबाखू मागितली आणि माझी नजर सुटली.

निघताना बरणी टॉवेलात गुंडाळली.
चिठ्ठीवर अक्षांश, रेखांश, खोली, तारीख,
गोळा करणाऱ्याचं नाव: कुंभार.
आप्पानं तेवढं एक अक्षर अक्षर लावून वाचलं,
काही बोलला नाही,
अंगठ्यानं काचेवरची राख पुसली.

गंगव्वा रस्त्यापर्यंत आली.
अदर हेसरेन, तिनं विचारलं,
त्या किड्याचं नाव तरी काय म्हणून.
बस दिसत होती.
मी तिचंच तिला परत दिलं:
एरेहुळा.
ती खूश झाली.